‘हमी’ या शब्दाचा अर्थ : रोजगार हमीच्या इतिहासाचे एक वाचन

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ नावाची एक कपात असते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५०० रुपये. प्राप्तिकराबद्दल अध्यापक-कक्षात जेवढी चर्चा होते तिच्या शतांशानेही या कराबद्दल होत नाही. हा कर १९७५ साली ज्या कारणासाठी बसवला गेला ते कारण मात्र मराठीच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना परके नाही. ग्रामीण भागात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम देण्यासाठी शहरातील नोकरदाराने, व्यावसायिकाने आपल्या मिळकतीतून वाटा उचलावा, असा त्यामागचा विचार होता. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या आया या पैशातून निघालेल्या कामांवर माती वाहत आल्या आहेत. म्हणून या योजनेचा इतिहास केवळ अर्थशास्त्र विभागाकडे सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आमचे कुतूहल प्रथम शब्दाबद्दलचे आहे. ‘हमी’ हा फारसी वळणाचा शब्द मराठीत मुख्यतः देण्याघेण्याच्या, जामीनकीच्या व्यवहारातून रुळला. कर्ज घेणाऱ्याच्या मागे जो उभा राहतो तो हमी देतो, आणि कर्ज फिटले नाही तर भुर्दंड त्याच्यावर पडतो. ‘मदत’, ‘साहाय्य’, ‘अनुदान’ या शब्दांत देणाऱ्याचे औदार्य सूचित होते. ‘हमी’ या शब्दात देणाऱ्याची बांधिलकी आणि चुकल्यास होणारा दंड दोन्ही येतात. १९७० च्या दशकात महाराष्ट्र शासनाने आपल्या योजनेसाठी हा शब्द निवडला. त्याच्या अर्थाची किंमत पुढे किती प्रमाणात चुकती झाली, हा या लेखाचा विषय आहे.

या शब्दापूर्वी जी व्यवस्था होती तिचे नाव ‘दुष्काळी कामे’. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने रस्ते, तलाव यांची कामे काढली. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यावरून मजुरी घटवून दिवसाला एक पौंड धान्य (म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी) आणि वर थोडे पैसे, इतकी खाली आणण्यात आली. उपाशी माणूस दिवसभर खडी फोडून किती धान्यावर जगू शकतो याचा तो हिशेब होता. मजुरांनी हा हिशेब नाकारला आणि मोठ्या संख्येने कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या काळातील दुष्काळी परिस्थितीची वृत्ते गोळा करून सरकारपुढे मांडली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत ‘चाचणी कामे’ हा एक प्रकार होता. अल्प मजुरीचे कष्टाचे काम काढायचे आणि त्यावर किती लोक येतात ते पाहायचे. आले तर दुष्काळ खरा. गरजेचा पुरावा माणसाने आपल्या शरीराने द्यावा, ही कल्पना येथे शासकीय भाषेत पक्की झाली. ती पुढे फार काळ टिकली, हे लक्षात ठेवावे लागेल.

याच सुमारास जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. सरकारने आपल्या लष्करातील व पोलिसांतील फावल्या हातांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे बांधून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, अशी सूचना त्यांनी त्यात केली आहे. सार्वजनिक श्रमातून काय उभे राहावे, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. टेंपल यांना काम ही भुकेची परीक्षा वाटत होती. फुल्यांना त्या श्रमातून जमिनीची सुपीकता राखायची होती. रोजगार हमीच्या इतिहासात या दोन्ही दृष्टी एकाच हजेरीपटावर शेजारी नांदताना दिसतात.

तिसरी गोष्ट १८९६–९७ च्या दुष्काळातील. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून दुष्काळ संहितेतील तरतुदी लोकांना समजावून सांगितल्या. सरकारच्याच नियमपुस्तकात रयतेसाठी काय लिहिले आहे ते वाचा आणि तेवढे मागून घ्या, असा त्या प्रचाराचा रोख होता. अधिकाऱ्यांसाठी लिहिलेला मजकूर ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या हाती देणे, ही एक वाङ्मयीन म्हणावी अशीच कृती होती.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावकऱ्याच्या अनुभवात दुष्काळ म्हणजे गाव सोडणे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) शेवट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. पाऊस येत नाही, मेंढरे मरू लागतात आणि धनगर एकेक करून वाडी सोडतात. शाळेत मुले उरत नाहीत. शासन या वाडीत शाळामास्तराच्या रूपाने पोहोचलेले असते, पण दुष्काळात वाडी जागेवर राहावी यासाठी त्याच्याजवळ काही नसते. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क आणि बेकारीत सार्वजनिक साहाय्य यांचा उल्लेख होता, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत. मार्गदर्शक तत्त्व घेऊन न्यायालयात जाता येत नाही.

१९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात एक प्रयोग झाला. त्यामागे वि. स. पागे होते. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. जो काम मागेल त्याला काम द्यायचे आणि त्या कामातून शेतीला उपयोगी असे काही उभे करायचे, ही त्यांची साधी वाटणारी कल्पना. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत, १९७२ मध्ये, ती राज्याची योजना म्हणून जाहीर झाली. लगोलग मोठा दुष्काळ आला आणि प्रत्यक्षात आधी दुष्काळी कामांचाच विस्तार करावा लागला. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे दर दहा माणसांमागे एक माणूस सरकारी कामावर माती उपसत होता किंवा खडी फोडत होता. सुकडी, मिलो, पाझर तलाव हे शब्द त्या वर्षांनी अनेक घरांच्या बोलीत कायमचे ठेवून दिले. आमच्या पिढीने हा दुष्काळ पाहिलेला नाही; आम्हांला तो वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या या शब्दांतूनच ठाऊक आहे.

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर, बागायती जमीन इत्यादींवर जादा आकारणी झाली आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे अकुशल काम करू इच्छिणाऱ्या ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने नाव नोंदवावे, काम मागावे आणि १५ दिवसांच्या आत तिला काम मिळावे. न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशी त्याची रचना होती. दंडाचे हे कलम घातल्यामुळेच ‘हमी’ या शब्दाला कायद्यात अर्थ आला. देशात असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य.

आता या शब्दाच्या किमतीकडे वळू. मूळ कायद्यात भत्त्याची किमान रक्कम होती दिवसाला एक रुपया. ती अल्प होती आणि तीही क्वचितच दिली गेली. त्याचे कारण समजून घेण्यासाठी कार्यालयीन कागदांकडे पाहावे लागते. १५ दिवस मोजायचे तर कोणत्या तारखेपासून, हे कागदावर हवे. मागणीचा अर्ज घेतला पण तारखेची पोच दिली नाही, तर ती मागणी झालीच नव्हती असे कायद्याच्या भाषेत ठरते. तोंडी मागितलेल्या कामाला तोंडीच उत्तर मिळे : काम निघाले की सांगू. शिवाय मुळात ५० मजूर जमल्याखेरीज नवे काम काढायचे नाही, अशी अट होती. म्हणजे एकट्या माणसाला दिलेला हक्क समूहाने मागितल्यावरच जागा होई. जेथे शेतमजुरांच्या संघटना होत्या तेथे अर्ज सामुदायिकपणे भरले गेले, पोच मागितली गेली आणि कामे निघाली. जेथे त्या नव्हत्या तेथे हमी कागदावरच राहिली. १८९६ साली ‘केसरी’ने जे केले तेच काम या संघटना ऐंशी-नव्वद वर्षांनंतर करीत होत्या.

असे असूनही योजनेचे श्रेय नाकारता येणार नाही. १९८० च्या आसपास वर्षाकाठी २० कोटींच्या घरात मनुष्यदिवस भरले जात होते. मजुरी कामाच्या मापावर असल्यामुळे स्त्री आणि पुरुष यांच्या दरात फरक नव्हता, आणि कामावर स्त्रियांची संख्या लक्षणीय असे. शेतमालकाच्या बांधावर कमी मजुरीत राबणाऱ्या बाईला ‘नाही येत’ म्हणण्यापुरता आधार या कामाने दिला. खोट्या हजेरीपटांचे, अर्धवट रस्त्यांचे, मुकादमांच्या हिशेबांचे किस्सेही याच कामांचे आहेत, आणि तेही खरे आहेत.

१९८८ मध्ये मजुरीचा दर जवळजवळ दुप्पट झाला. मजुरांच्या दृष्टीने तो न्यायच होता. मात्र त्यानंतर निघणारी कामे मागणीच्या मानाने अपुरी पडू लागली. १९९० पासून योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. आंबा, डाळिंब, बोर यांच्या बागा तिच्यातून उभ्या राहिल्या आणि कोरडवाहू शेतकऱ्याला तिने हात दिला, हे मान्य करायला हवे. पण फळबाग लावण्यासाठी जमीन लागते. भूमिहीन बाईच्या नावाने जमवलेल्या निधीचा एक प्रवाह जमीनधारकाकडे वळला, हेही त्याबरोबर नोंदवले पाहिजे.

केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून लागू होऊ लागला. महाराष्ट्राच्या अनुभवाची छाया त्यावर स्पष्ट आहे : १५ दिवसांची मुदत, मागणीवर आधारित काम, बेकारी भत्ता. तेथे हक्क कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांचा झाला. त्यापुढील दिवसांची जबाबदारी महाराष्ट्राने आपल्या कायद्याखाली स्वतःकडे ठेवली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी ‘विकसित भारत–गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ हा कायदा संमत केला. दिवस १२५ झाले. त्याबरोबर राज्यागणिक नियतव्यय ठरवून देण्याची आणि पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आली. मागणी किती हे मजुराने सांगायचे की खर्च किती हे आधी ठरवायचे, हा पागे यांच्या प्रयोगापासूनचा मूळ प्रश्न त्यामुळे पुन्हा समोर आला आहे. शब्दांच्या अभ्यासकांना नावातील बदलही दिसेल : ‘हमी’च्या जागी ‘गॅरंटी’ आली आहे. शब्द कोणताही असो, आपण त्याला तोच प्रश्न विचारायचा : मागणी नाकारली गेली तर भुर्दंड कोणावर?

या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर एक वर्ग प्रथमपासून राहिला. कायद्याने काम मोजले ते अंगमेहनतीत. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मधील एकनाथ शिकलेला आहे, शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि नोकरीसाठी मोजायला त्याच्याजवळ पैसे नाहीत. त्याच्यासाठी कोणतीही हमी नाही. शिक्षणाने त्याला मातीकामापासून दूर केले आणि दुसरे काम दिले नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत प्रथम सहा महिन्यांची. तिचा उपयोग अनेकांना झाला असेल. पण ती योजना आहे, हक्क नाही. मुदत संपल्यावर तरुणाने कोणत्या कलमावर बोट ठेवायचे? तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे कितीतरी सहकारी याच प्रश्नाच्या सावलीत उभे आहेत. एम.ए., सेट, नेट होऊनही त्यांना वर्षाचे बारा महिने काम नसते, आणि कामाविना गेलेल्या महिन्यांना कायद्यात नाव नाही.

दीडशे वर्षांच्या या प्रवासात एक सूत्र आम्हांला पुनःपुन्हा दिसते. ज्याला काम हवे त्याच्या हाती त्याच्याविषयी लिहिलेला मजकूर जेव्हा आला, तेव्हाच शासनाने शब्द पाळला. दुष्काळ संहितेच्या वेळी हे झाले, सामुदायिक अर्जांच्या वेळीही झाले. कामाच्या मागणीचा ‘नमुना ४’ हा एक पानी अर्ज आणि त्याची तारखेसह पोच यांच्यावर आजवर किती घरांची चूल अवलंबून राहिली, हे खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तो अर्ज आपल्या आईसाठी वाचून, भरून, पोच मागून घेणे हे मराठी शिकलेल्या मुलाला आज करता येण्यासारखे काम आहे. आणि आपल्या स्वतःच्या बेकारीसाठी असा अर्ज का अस्तित्वात नाही, हे विचारणे हे त्यापुढचे.