'श्यामची आई'मधला मोळीचा प्रसंग : लहान मुलाला न कळलेली अस्पृश्यता

'श्यामची आई' म्हटलं की डोळ्यांत पाणी आणणारं पुस्तक, एवढंच अनेकांना आठवतं. पण याच पुस्तकात जातिभेदावर बोट ठेवणारा एक प्रसंग आहे.

पुस्तक कसं लिहिलं गेलं?

साने गुरुजींनी ही आत्मकथनात्मक कादंबरी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बहुतेक लेखन अवघ्या पाच दिवसांत झालं. गुरुजींचा जन्म 1899 चा, कोकणातल्या पालगडचा. पण पुण्याशीही त्यांचं नातं होतं. आजचं स. प. महाविद्यालय तेव्हा न्यू पूना कॉलेज होतं आणि गुरुजी तिथे शिकले. 1953 साली आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

प्रसंग नेमका काय?

'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडते. ती तिला एकटीला उचलता येत नाही आणि शिवायचं नाही म्हणून मदतीला कुणी येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलू लाग आणि मग आंघोळ कर.

या प्रसंगाची सगळी गुंतागुंत त्या आंघोळीत आहे. आईला माणुसकी कळते, पण रूढी पूर्ण सुटत नाही. श्यामला मात्र साधा प्रश्न पडतो. दमलेल्या म्हातारीला हात दिला, तर त्यात पाप कसलं?

हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने

श्याम ब्राह्मण घरातला. त्याला भेदभाव दिसतो, पण तो सोसावा लागत नाही. सोसणाऱ्या मुलीने हाच प्रश्न त्याच्या कितीतरी आधी पुण्यात विचारला होता. तिचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली ही 14 वर्षांची मुलगी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नसेल, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा थेट सवाल होता.

श्यामच्या प्रश्नात निरागसपणा आहे, मुक्ताच्या प्रश्नात अनुभव. मोळीच्या गोष्टीत म्हातारीची बाजू आपल्याला श्यामच्या नजरेतून कळते. मुक्ता स्वतःच बोलते. म्हणून दोन्ही एकत्र वाचायला हवेत.

पुढे काय झालं?

मोठेपणी गुरुजींनी तो प्रश्न सोडला नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हावं, म्हणून त्यांनी 1 मे 1947 पासून उपोषण केलं. 10 मे रोजी ते सुटलं आणि मंदिराची दारं उघडली. इथे नंतर आंघोळीची अट नव्हती.

घरातलं मूल आजही विचारतं, "कामवाल्या मावशींचा कप वेगळा का?" तेव्हा त्याला गप्प बसवणं सोपं असतं. खरं उत्तर देणं मोठ्यांना जड जातं.