चार कलमांचा कायदा आणि लोकांचे ‘अज्ञान’

आरोग्यविषयक एखाद्या कायद्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले की राज्यकर्त्यांचे, आणि पुष्कळदा सुशिक्षितांचेही, एक उत्तर ठरलेले असते : या मंडळींनी कायदा वाचलेलाच नाही. हा आरोप अनेकदा खराही असतो. परंतु कायदा ‘वाचणे’ म्हणजे नेमके काय, आणि जो वाचावयाचा त्या कायद्यात वाचण्याजोगे किती असते, हे प्रश्न त्या उत्तरात बाजूला पडतात. या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आम्ही १८९७ सालाकडे वळत आहोत.

मराठी वाचकाला हे साल २२ जूनच्या रात्रीमुळे ठाऊक असते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, आयर्स्टचा जागीच झालेला मृत्यू आणि ३ जुलै रोजी रँडचा. वर्गात हे प्रकरण शिकविताना आपण पिस्तुलापासून आरंभ करतो, फार तर सोल्जरांच्या घरझडतीपर्यंत मागे जातो. ज्या कायद्याने रँडला अधिकार दिले, तो मात्र कोणी उघडून पाहत नाही. ‘साथरोग अधिनियम, १८९७’ हे त्याचे आजचे मराठी नाव. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो एक संहिता म्हणून जरूर वाचावा. वाचावयास पाच मिनिटे पुरतात.

मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. २८ जानेवारी १८९७ रोजी जॉन वुडबर्न यांनी कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात विधेयक मांडले आणि ४ फेब्रुवारीला, म्हणजे आठवड्याभरात, त्याचा कायदा झाला. पहिल्या कलमात नाव आणि व्याप्ती. दुसऱ्यात सारे सामर्थ्य : धोकादायक साथ पसरली आहे किंवा पसरण्याचा धोका आहे असे सरकारला वाटले आणि चालू कायदे अपुरे वाटले, तर सरकार योग्य वाटतील ते उपाय योजील व जाहीर सूचनेने तात्पुरते नियम करील. रेल्वेने वा अन्य मार्गाने येणाऱ्यांची तपासणी करता येईल, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ज्याचा संशय येईल त्याला रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात अलग ठेवता येईल. तिसऱ्या कलमानुसार नियम मोडणारा भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली गुन्हेगार. चौथ्यानुसार सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही.

या संहितेत काय नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. ‘धोकादायक साथीचा रोग’ म्हणजे कोणता, याची व्याख्या नाही. संशय कशावरून घ्यावयाचा, अलग केलेल्या माणसाने दाद कोणाकडे मागावयाची, स्त्रियांची तपासणी कोणी व कशी करावयाची, यांपैकी काहीही नाही. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण तो ‘असल्यास’ या एका शब्दाला टेकून उभा आहे. हे अधिकार असामान्य आहेत हे वुडबर्न यांनी स्वतःच मान्य केले होते. अशा प्रसंगी लोकांनी अधिकाऱ्यांच्या विवेकावर विश्वास टाकावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

म्हणजे एखाद्या पुणेकराने हा कायदा बसून नीट वाचला असता, तरी उद्या आपल्या घराचे काय होणार हे त्याला कळले नसते. कायद्याचा आशय कायद्यात नव्हताच. तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेला होता. तेव्हा तो वाचावयाचा कोठे? अर्थातच आपल्या उंबऱ्यावर.

पुण्याने तो तेथेच वाचला. मार्च १८९७ मध्ये प्लेग कमिटी नेमली गेली, रँड तिचा अध्यक्ष झाला, आणि त्याच महिन्यापासून सुमारे नऊशे सैनिकांच्या साहाय्याने घरोघर झडत्या सुरू झाल्या. रुग्णाला प्लेगच्या इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामानसुमान जाळण्यासाठी अंगणात. सैनिक देवघरात आणि माजघरात शिरले. कमिटीच्या दृष्टीने हे निर्जंतुकीकरण होते. घरातल्या माणसांच्या दृष्टीने ती विटंबना होती. हा विरोध आंधळा होता असे म्हणावे, तर तो करणारी माणसे कोण होती तेही पाहावयास हवे.

टिळक कायद्याचे पदवीधर होते, त्या वेळी मुंबई कायदेमंडळाचे सभासदही होते. रुग्णास अलग ठेवण्याच्या तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता. ‘केसरी’ने आरंभी लोकांना सहकार्यच करावयास सांगितले, गाव सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांना फटकारले, आणि टिळकांनी स्वतः पुण्यात राहून हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांची टीका तीव्र झाली ती अंमलबजावणी पाहून. पंडिता रमाबाईंवर तर सनातनीपणाचा आरोप करणे कोणालाच शक्य नव्हते. तरीही मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून त्यांनी सरकारी इस्पितळातील व्यवस्थेवर आणि आपल्याकडील मुलींना मिळालेल्या वागणुकीवर जाहीर टीका केली. आणि सावित्रीबाई फुले त्याच मार्चच्या १० तारखेला प्लेगनेच गेल्या, पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करता करता. उपचार, इस्पितळ आणि विलगीकरण या कल्पना पुण्याला परक्या नव्हत्या, हे सांगावयास एवढी उदाहरणे पुरेशी आहेत.

मात्र येथे थांबलो तर आम्हीही एक सोयीची गोष्ट सांगून मोकळे झालो असे होईल. विरोध करणारे सारेच टिळक किंवा रमाबाई नव्हते. कायदा होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईच्या पालिका आयुक्तांनी रुग्णांना सक्तीने हलविण्याचा हुकूम काढला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्या काळच्या अफवा विलक्षण होत्या. इस्पितळात माणसे मारून त्यांच्यापासून ‘मोमियाई’ नावाचे औषध काढतात, अशी एक. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, त्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजे मागविली आहेत, अशी दुसरी. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा समाजातील एका बारा वर्षांच्या मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली आणि गोळीबार झाला.

या अफवा शब्दशः खोट्या होत्या, आणि त्यांची किंमत लोकांनीच मोजली. घराघरांत रोगी लपविले गेले. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, पण भीतीपोटी अनेकजण त्या लसीपासून दूर राहिले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक माणसे मुंबई सोडून गेली होती, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर प्लेगही गावोगाव गेला. इस्पितळात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, हे लोकांनी पाहिले होते. त्यामागचे कारण मात्र त्यांनी चुकीचे लावले. बव्हंशी रुग्ण तेथे मरणाच्या दारातच पोहोचत, आणि उपायही त्या वेळी फारसे नव्हते. अफवेला परकी सत्तेविरुद्धचे शहाणपण म्हणून गौरविणे आजकाल अभ्यासकांना आवडते. आम्हांला ते मान्य नाही. ज्या घरात रोगी लपविला गेला, त्या घरातल्या पुढच्या मृत्यूला त्या शहाणपणाचा काही उपयोग नव्हता.

पण मग आपण अज्ञानाचा हिशेब मांडायला बसलोच आहोत, तर तो दोन्ही बाजूंचा मांडावयास हवा. कायदा करणाऱ्यांना रोग कितपत समजला होता? येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू ओळखला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा हे ठाऊक नव्हते. सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखविले, तेव्हा त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. ते सर्वमान्य व्हावयास आणखी सात-आठ वर्षे आणि मुंबईतलेच नवे संशोधन लागले. तोवर मोऱ्या धुतल्या गेल्या, भिंतींना चुना लावला गेला, जमिनी उकरल्या गेल्या, आणि धरला गेला तो माणूस. उंदीर आपले बीळ बदलून शेजारच्या घरात गेला.

उलट गढवाल-कुमाऊँच्या डोंगरी गावांत उंदीर मरू लागले की घरे सोडून बाहेर राहावयास जाण्याची रीत होती, आणि तिची नोंद एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनीच केलेली होती. आपल्याकडेही पुढच्या प्लेगवर्षांत ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग गाव सोडण्याची खूण म्हणून रूढ झाला. आपल्या आजी-पणजीच्या बोलण्यातून तो पुष्कळांनी ऐकला असेल. पिसवेचे शास्त्र ठाऊक नसलेल्या माणसांनी कोणत्याही कलमाशिवाय शोधलेला हा उपाय शास्त्राच्या कसोटीलाही उतरला.

सरकारनेही हळूहळू धडा घेतला. मुंबईत निरनिराळ्या जातीधर्मांना आपापली इस्पितळे काढू दिली गेली, झडत्यांतून सैनिक मागे घेतले गेले, आणि शतक संपता संपता सक्तीचे धोरण देशभर सैल झाले. कायद्याचे कलम मात्र एकही बदलावे लागले नाही. त्याच चार कलमांखाली १८९७ ची जुलूमशाही बसली आणि त्याच चार कलमांखाली नंतरचा समजूतदारपणाही बसला. कायद्यात आशय किती होता, याचा याहून मोठा पुरावा आम्हांला सुचत नाही. प्लेगने पुढील दोन-अडीच दशकांत देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली.

ही केवळ जुनी गोष्ट राहिली नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने याच कायद्याखाली नियम काढले. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा आल्या, आणि डॉक्टर-परिचारिकांना दगड खावे लागत होते त्या दिवसांत त्या आवश्यकही होत्या. पण अलग ठेवलेल्या माणसाने दाद कोणाकडे मागावी, हा १८९७ चा प्रश्न त्या दुरुस्तीनंतरही अनुत्तरितच राहिला.

तेव्हा लोकांना कायदा समजला होता का, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : रोग त्यांना समजला नव्हता, पण तो सरकारलाही समजला नव्हता. कायद्याची संहिता त्यांनी वाचली नव्हती, पण वाचली असती तरी तीत फारसे हाती लागले नसते. कायद्याचा व्यवहार मात्र त्यांना पुरता समजला होता, कारण तो त्यांच्याच घरात घडत होता. अधिकाऱ्यांनी हे तिसरे ज्ञान वेळीच जमेस धरले असते, तर पहिल्या दोन अज्ञानांचा उपद्रव पुष्कळ कमी झाला असता. वर्गात २२ जूनची गोष्ट सांगण्यापूर्वी ४ फेब्रुवारीची चार कलमे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत, एवढीच आमची सूचना आहे.