पेन आधी, माऊस नंतर

मागच्या भागानंतर एका ड्राफ्ट्समन बंधूंनी विचारलं, "सर, वीस वर्षं ऑटोकॅडवर काम करतोय. आता मनगट दुखतं. माऊस सोडून पेन टॅब्लेट घेतला तर चालेल का? ऑफिसातली पोरं म्हणतात, ते चित्रकारांचं खेळणं आहे."

पोरांना म्हणावं, जरा इतिहास वाचा. संगणकावरचं ड्रॉइंग माऊसने सुरूच झालेलं नाही.

याचं मूळ आमच्या फौजी दुनियेत सापडतं. 1950च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी 'सेज' ही हवाई संरक्षण यंत्रणा उभी राहिली. तिथे पडद्यावरचा विमानाचा ठिपका निवडायला पिस्तुलासारखी 'लाइट गन' वापरत. पुढे 1963 साली एमआयटीच्या आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' सादर केलं. आजच्या ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरचं हे मूळ. त्यात रेघ ओढायची ती पडद्यावर लाइट पेन टेकवून. अडचण एकच, उभ्या पडद्यासमोर हात उचलून धरायचा, म्हणजे खांदा भरून येतो.

त्यावर 1964 साली रँड संस्थेने तोड काढली. पेन पडद्यावरून टेबलावर आणलं. दहा इंच बाय दहा इंचाची पाटी, तिच्यात बारीक तारांची जाळी आणि दहा लाखांहून अधिक बिंदू ओळखण्याची क्षमता. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'अर्पा'चा. साधारण त्याच सुमारास डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी लाकडी माऊस बनवला. तो जगाला दिसला 9 डिसेंबर 1968 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत.

आता दोघांतला फरक समजून घ्या. सैन्यात जागा सांगायच्या दोन रीती असतात. एक ग्रिड रेफरन्स: नकाशावर अमुक चौकोनात अमुक बिंदू. दुसरी कंपास आणि पावलं: इथून या दिशेने तीनशे पावलं. टॅब्लेट म्हणजे ग्रिड रेफरन्स. पेन पाटीच्या कोपऱ्यात टेकवलं की कर्सर पडद्याच्या त्याच कोपऱ्यात. माऊस म्हणजे पावलं. तो किती सरकला एवढंच त्याला कळतं. उचलून दुसरीकडे ठेवलात तर कर्सर जागचा हलत नाही.

म्हणून 1982 साली ऑटोकॅड आलं, त्यानंतरची बरीच वर्षं ड्राफ्टिंगच्या टेबलावर 'डिजिटायझर'चा मान मोठा होता. पाटीवर कमांडचे चौकोन छापलेला तक्ता आणि हातात भिंगाच्या रेषा असलेला, बटणांचा 'पक'. कागदी नकाशा त्यावर चिकटवायचा, ओळखीचे बिंदू टिपून त्यांचे खरे सहनिर्देशांक द्यायचे आणि मग गिरवायचं. इथे हयगय चालत नसे. 1:50,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर चुकलं की जमिनीवर पन्नास मीटर चुकतं. तेवढ्यात कालवा एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात जातो.

मग माऊस का जिंकला? तो स्वस्त, त्याला पाटी लागत नाही आणि कमांड तक्त्यावरून पडद्यावरच्या मेनूत आल्या. कागदी नकाशेही स्कॅन होऊ लागले. पेन मागे पडलं, पण संपलं नाही. 1983 साली स्थापन झालेल्या जपानच्या वॅकॉमने वायर नसलेलं आणि बॅटरीही न लागणारं पेन रूढ केलं.

तर बंधू, माझं उत्तर. टॅब्लेट जरूर वापरून पाहा, पण सेटिंगमध्ये 'पेन मोड' ठेवा. 'माऊस मोड' ठेवलात तर ग्रिड सोडून पुन्हा पावलं मोजणं आलं. पाटीचं आणि पडद्याचं लांबी-रुंदीचं प्रमाण जुळवा, नाहीतर हाताने काढलेला गोल अंडाकृती दिसेल. माऊसचं चाक नसेल, तेव्हा झूम आणि पॅन पेनच्या बटणांवर बसवा. पहिले काही दिवस वेग कमी होईल, तो होऊ द्या. स्कॅन केलेला नकाशा गिरवायला पेनाची मजा वेगळीच. अचूक माप मात्र पूर्वीसारखंच आकडा टाइप करून आणि ऑब्जेक्ट स्नॅपने घ्या. ते काम ना पेनाचं, ना माऊसचं. आणि मनगटाचं दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. टॅब्लेट हे औषध नव्हे.

टी-स्क्वेअर आणि पेन्सिलवर घडलेला हात पेन धरायला शिकलेलाच असतो. तुम्ही नवं खेळणं घेत नाही आहात, जुन्या हत्याराकडे परत जाताय. जय हिंद.