हर्टाला मुंबईत उतरवता आलं असतं का?

आपल्या अमरावतीत १९०६ साली जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. 'रणांगण', १९३९ साली. बाकी नाटकं, सिनेमे आणि 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र (त्याला १९८५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला). एवढीशी कादंबरी, शनिवारी दुपारी सुरू केली तर चहापर्यंत संपते. गेल्या वर्षभरात मी ती ओळखीच्या दहा-बारा जणांच्या गळ्यात मारली आणि प्रत्येकाला 'कशी वाटली' म्हणून छळलं. आजची पोस्ट त्यातून निघालीय.

गोष्ट थोडक्यात सांगतो. (शेवट फोडतोय, वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं.) चक्रधर विध्वंस हा प्रेमभंगाने कडवट झालेला तरुण बोटीने युरोपातून परत येतोय. बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू आहेत. त्यातल्या हर्टावर त्याचं प्रेम बसतं. मुंबई येते, तो उतरतो, बोट तिला घेऊन पुढे पूर्वेकडे जाते. मग येतात हर्टाची पत्रं. आणि मग तिच्या आत्महत्येची बातमी.

आता प्रतिक्रिया. अकोल्याच्या आत्याने पुस्तक मिटलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "अरे पण थो मुंबईले एकटाच कायले उतरला? तिले संगं घ्याले काय झालं होतं त्याले?" अमरावतीच्या कॉलेजमित्राला शेवट फिल्मी वाटला. "दहा-बारा दिवसांच्या ओळखीवर कोणी जीव देते का बे?" आणि टीममधला एक जण, ज्याचा स्वतःचा व्हिसा दोनदा अडकलाय, म्हणाला, "पोरीकडे पेपर्स नव्हते यार. तो काय करणार?"

पत्रांबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. तिथे प्रत्येक जण गप्प झाला होता. मला वाटतं याचं कारण साधं आहे. तोवर आपण बोटीवर या दोघांकडे लांबून बघत असतो. पत्रं सुरू झाली की ती आपल्याच हातात येतात. लिहिणारी दूर समुद्रावर, आणि वाचणाऱ्याला काहीच करता येत नाही.

पण मला तो पेपर्सचा मुद्दा स्वस्थ बसू देईना. खरंच काय करता आलं असतं त्याला?

कादंबरीतली माणसं काल्पनिक, पण मार्ग खरा. लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीच्या बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघायला जायच्या. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँला ३२ देश निर्वासितांचं काय करायचं यावर बोलायला जमले, आणि जवळजवळ सगळ्यांनी सहानुभूती दाखवून हात वर केले. व्हिसाशिवाय उतरता येईल असं शांघाय हे जवळपास एकच मोठं शहर उरलं होतं. ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या जर्मन पासपोर्टवर लाल 'जे'चा शिक्का बसू लागला. १९३९ च्या जानेवारीपासून ज्यू बायकांना नावात 'सारा' जोडण्याची सक्ती झाली. म्हणजे खरी हर्टा असती तर तिचा पासपोर्ट 'हर्टा सारा' म्हणाला असता. स्टॅम्पिंगसाठी पहाटे उठून रांगा लावणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावायला नको.

हिंदुस्थानात उतरायचं तर व्हिसा हवा, वर नोकरी किंवा कोणाची तरी हमी. मुंबईत १९३४ पासून ज्यूइश रिलीफ असोसिएशन होती, ती अशी हमी द्यायची. म्हणजे दार बंद होतं, पण कुलूप नव्हतं. आणि एक रस्ता तर चक्रधरच्या अगदी हातात होता. त्या काळच्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न केलं की परदेशी बाई ब्रिटिश प्रजाजन व्हायची. १९३५ साली ऑडेन या कवीने टॉमस मानच्या मुलीशी, एरिकाशी, नेमकं एवढ्याचसाठी लग्न केलं होतं. त्याआधी दोघं एकमेकांना भेटलेही नव्हते! (आपलं वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं, इंग्रजांकडे फक्त कायमच्या पट्ट्याने. चक्रधर वऱ्हाडी निघाला असता तर वकिलांचं अजून फावलं असतं :) असो.)

म्हणजे आत्याचा प्रश्न बरोबर आहे. पेपर्सची सबब टिकत नाही.

आता दुसरी बाजू. आपण हे पुस्तक साठ लाख हा आकडा डोक्यात ठेवून वाचतो. १९३९ च्या वाचकाकडे तो आकडा नव्हता. पद्धतशीर सामूहिक कत्तल सुरू झाली १९४१ च्या उन्हाळ्यात. बेडेकरांकडेही तो नव्हता. 'तिला तिथे सोडलं म्हणजे मरणाच्या दारात सोडलं' हा आपला राग नंतर कळलेल्या इतिहासातून येतो. पण गंमत बघा, लेखकाने काहीच माहीत नसताना हर्टाला मारलं. नाझींच्या हातून नव्हे, एकटेपणाने. म्हणून मित्राचं 'फिल्मी' मला पटत नाही. मार्च १९३८ मध्ये हिटलर व्हिएन्नात शिरल्यावर तिथल्या शेकडो ज्यूंनी आत्महत्या केल्या. वॉल्टर बेंजामिनने १९४० मध्ये स्पेनच्या हद्दीवर अडवल्यावर, तर स्टेफान झ्वाइगने १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये, अगदी सुरक्षित असताना. सुटका झाली की माणूस सुटतोच असं नाही.

आणि सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट आता सांगतो. शांघायला पोचलेले १७ ते २० हजार ज्यू. १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना होंगक्यू भागात कोंबलं, भूक होती, रोगराई होती. तरी त्यातले बहुतेक जण युद्धातून वाचले. हर्टाची बोट ज्या दिशेला चालली होती, त्या दिशेला जीव होता! उलट सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर मुंबईतल्या जर्मन पुरुषांना 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' म्हणून अहमदनगरच्या छावणीत नेलं. त्यात हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. त्यांची चौकशी होऊन सुटका व्हायला वेळ लागला.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. शांघायचं ऐकून ती थोडी थांबली, मग म्हणाली, "थे तिले कोन सांगितलं होतं?"

इंग्रजीतच वाचणाऱ्या मित्रांसाठी: जेरी पिंटोने 'बॅटलफील्ड' नावाने अनुवाद केलाय. पत्रं मात्र जमलं तर मराठीतच वाचा. आणि वाचून झाल्यावर चक्रधरबद्दल काय वाटलं ते मला कळवा, आत्याला आकडेवारी हवी आहे.