एक ‘बसीन’, तीन गावे

१/ डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डच्या फौजेने मराठ्यांकडून ‘बसीन’ जिंकले. १८५२ मध्ये इंग्रजांनी ‘बसीन’ जिंकल्याची नोंद पुन्हा आढळते. सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली होती, हे खरे. परंतु १८५२ पर्यंत पेशवाई बुडून चौतीस वर्षे लोटली होती. मग हे बसीन कोणाकडून जिंकले?

२/ ब्रह्मदेशाच्या राजाकडून. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील बंदर, आजचे पाथेन, त्यालाही इंग्रज ‘बसीन’ म्हणत. दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात ते त्यांच्या हाती आले. वसईच्या किल्ल्याशी त्या लढाईचा काहीही संबंध नाही.

३/ तिसरे गाव विदर्भातले. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. इंग्रजी दप्तरांत ते ‘बासिम’ झाले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ही तिन्ही गावे ‘बसीन’ या एकाच शब्दाखाली नोंदलेली आहेत. मूळ नावे तीन, अपभ्रंश एक.

४/ वसईची ‘बसीन’ कशी झाली? पोर्तुगीजांनी ‘व’चा ‘ब’ केला आणि अखेरीस अनुनासिक जोडला. त्यांचा उच्चार ‘बसाईं’, म्हणजे वसईपासून फार दूर नव्हे. मात्र त्यांच्या लिपीत या ‘स’साठी ‘सी’ या अक्षराखाली एक छोटी खूण असते. छपाईत ती गळली की वाचणारा ‘बकाइम’ वाचतो आणि नसलेले चौथे गाव जन्माला येते.

५/ मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतल्यावर वसईला ‘बाजीपूर’ हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र वसईच टिकली.

६/ गाव ओळखले तरी गोंधळ संपत नाही, कारण ‘वसईचे तह’ दोन आहेत. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. ३१ डिसेंबर १८०२ च्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पहिल्यात एका सुलतानाचा मुलूख गेला, दुसऱ्यात पेशव्यांचे स्वातंत्र्य. केवळ ‘वसईचा तह’ एवढेच लिहिणारा अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर पुसून टाकतो.

७/ हीच गत शेजारच्या साष्टीची. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याची साष्टी घेतली. १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपडे यांची फौज गोव्याच्या साष्टीत शिरली. एकच युद्ध, एकच शत्रू, साष्टी मात्र दोन. पत्रात नुसते ‘साष्टी’ वाचून नकाशावर बोट ठेवणे धोक्याचे आहे.

८/ म्हणून जुन्या कागदात ‘बसीन’ दिसताच चार गोष्टी पाहाव्यात: कागद कोणत्या भाषेतला, कोणत्या सालचा, त्यात शत्रू कोण आणि जवळ कोणती नदी वा खाडी. मराठे आणि उल्हास नदीची खाडी असेल तर वसई. ब्रह्मी राजा आणि इरावती असेल तर पाथेन. वऱ्हाडचा महसूल असेल तर वाशीम. गाव निश्चित झाल्याखेरीज घटनेचा अर्थ लावू नये.