गुप्त मंडळींचे दीक्षाविधी : फ्रीमेसन लॉज आणि परमहंस सभा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत शपथबद्ध बंधुत्वाच्या दोन संस्था थोड्या वर्षांच्या अंतराने उदयास आल्या. त्यांचे दीक्षाविधी सहसा कुतूहलाचा विषय ठरतात. प्रस्तुत निबंधात त्यांचा पुरावा म्हणून विचार केला आहे.

पहिली संस्था फ्रीमेसनांची. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इंग्रजी लॉजचे दार न उघडल्याने पॅरिस येथे दीक्षा घ्यावी लागली. पुढे डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली स्कॉटिश परंपरेतील 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज एतद्देशीयांसाठी स्थापिले. डोळ्यांवरील पट्टी, गळ्यातील दोर, गुण्या-कंपासादी गवंडीकामाची प्रतीके हा मूळ विधी कायम राहिला. बदलला तो शपथेचा ग्रंथ. बायबलाऐवजी पारशी अवेस्तावर, मुसलमान कुराणावर, हिंदू गीतेवर हात ठेवू लागला. अर्थात, प्रत्येकाला आपापल्या धर्माच्या चौकटीत ठेवूनच हे बंधुत्व नांदले.

परमहंस सभेने (१८४९) नेमकी ही चौकटच मोडावयास घेतली. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रवर्तक, तर राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. सभेच्या आरंभी व अखेरीस दादोबांच्या प्रार्थना म्हटल्या जात. नवागताने जातिभेद न पाळण्याची प्रतिज्ञा करून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा असे. आज वडापाव खाणाऱ्या विद्यार्थ्यांना याचे हसू येते. परंतु त्या काळी तो घास म्हणजे जातिबहिष्काराला दिलेले निमंत्रण होते. शब्द मागे घेता येतो, पोटात गेलेला पाव नव्हे. मेसनांच्या प्रतीकात्मक दोरापेक्षा हा विधी म्हणूनच अधिक जोखमीचा होता, असे आमचे मत आहे.

ही जोखीम गुप्ततेवर विसंबून होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याचे भय पसरले आणि सभा विसर्जित झाली. याला केवळ भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. मात्र एकत्र कुटुंबात राहणाऱ्या तरुणाला बहिष्कृत होऊन जावयाचे कोठे, हाही प्रश्न होताच.

१८६७ साली दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. त्यात जुने परमहंस सभासदही होते. प्रार्थना राहिली, पाव गेला. सभा उघड झाली, पण जातित्यागाची अट उरली नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे १८७५ साली उभे राहिलेले अनाथ बालकाश्रमाचे कार्य याच समाजाचे. तेथे टाकून दिलेल्या अर्भकाची जात विचारली जात नसे.