मागच्या काचेचा डिफॉगर आणि धाराशिवच्या मोटारी

धाराशिव जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात निजामाच्या काळात, १९३२ मध्ये, सरकारी बससेवा सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर खासगी मोटारींत कित्येक दशके ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीचाच बोलबाला होता. पावसाळ्यात आतून धूसर झालेली मागची काच फडक्यानेच पुसावी लागे. १९९१ च्या उदारीकरणानंतर नव्या गाड्या आल्या आणि त्यांच्या महागड्या प्रकारांत डिफॉगर दिसू लागला.

डिफॉगर म्हणजे काचेच्या आतील बाजूस भाजून बसवलेल्या चांदीमिश्रित रेषा. त्यांतून १२ व्होल्टचा प्रवाह गेला की काच तापते व बाष्प उडते. रेषा समांतर जोडलेल्या असल्याने एक तुटली तरी बाकीच्या चालू राहतात.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी घातली. फिल्म ब्लेडने खरवडून काढताना या रेषा कापल्या जाण्याचा धोका असतो.

सगळी काच थंड राहिली, तर आधी फ्यूज, रिले, अर्थिंग आणि डिकीच्या बिजागरीजवळची वायर तपासतात. एकच पट्टा धूसर राहिला, तर मल्टिमीटर रेषेवरून सरकवतात; व्होल्टेज जिथे एकदम बदलते, तिथे रेषा तुटलेली असते. ती जागा स्पिरिटने पुसून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, वाहक चांदीचा रंग भरतात. रंग पूर्ण वाळल्यावरच डिफॉगरचा स्विच चालू करावा. एखाददुसऱ्या तुटलेल्या रेषेसाठी काच बदलण्याची गरज नसते.